नॉफ्लरचा नाद: एकाच माणसाचे अल्बम आयुष्यभर कसे ऐकायचे

मार्क नॉफ्लर, म्हणजे डायर स्ट्रेट्स बँडचा गायक-गिटारवाला, ऐकायचाय, कुठनं सुरू करू असं कुणी विचारलं की लोक सुलतान्स ऑफ स्विंगची लिंक पाठवतात आणि मोकळे होतात. समोरच्याला गाणं आवडतं, चार दिवस तेच लावतो, मग मनी फॉर नथिंग, मग ब्रदर्स इन आर्म्स, आणि झाला फॅन, विषय संपला. अशानं नाद लागत नाही राव. नाद लागायला अल्बम लागतो, अख्खा, पहिल्या गाण्यापासनं शेवटच्यापर्यंत, आणि तो पण एक-दोन नाही, त्या माणसानं जेवढे काढले तेवढे सगळे, आवडलेले आणि न आवडलेले सुद्धा. मी नॉफ्लरवरनं सांगणार कारण माझा माणूस तो हाय, तुमचा दुसरा कुणी असला तर नावं बदला, पद्धत तीच चालतीय.

आधी माणूस नीट निवडा

दोन अल्बम काढून बँड फुटला असला हिशोब आयुष्यभर पुरत नाही. ज्याचे दहा-बारा तरी अल्बम आहेत, जो मध्येच कुठंतरी वाट बदलून दुसरीकडं गेलाय, ज्याच्यावर जुने फॅन "आता पूर्वीसारखं राहिलं नाही" म्हणून चिडलेत असा बघायचा. आणि गाणी कशाबद्दल हैत ते बघा. नुसतं प्रेम, नुसता विरह असेल तर पंचविशीनंतर कंटाळा येतो, स्पष्टच सांगतो.

नॉफ्लर ह्यात फिट बसतो. गडी १९४९ ला ग्लासगोत जन्मला, लहानपण न्यूकॅसलकडं गेलं, पोटापाण्यासाठी आधी लीड्सच्या यॉर्कशायर इव्हनिंग पोस्ट पेपरात बातमीदार, नंतर कॉलेजात शिकवायला, आणि बँड जमला तेव्हा तिशीला आलेला. त्यामुळं गाण्यात माणसं भेटतात ती कामाची. लॉरी ड्रायव्हर, बॉक्सर, परमुलखात बांधकामाला गेलेले गवंडी, किनाऱ्यावर ओढून तोडायला नेलेलं जहाज, जमिनीची मोजणी करणारे दोघं. कोल्हापूरच्या माणसाला ह्यात परकं काय वाटायचं सांगा. शांग्री-ला अल्बममध्ये सनी लिस्टन ह्या बॉक्सरवर गाणं हाय, ते ज्यानं खासबागेत मातीवर बसून कुस्त्या बघितल्यात त्याला लगेच कळतं, रिंगणातल्या माणसाला लोक डोक्यावर कधी घेतात आणि पाठ कधी फिरवतात ते.

यादी हातानं लिहायची

वहीत लिहा, फोनमध्ये नको. डायर स्ट्रेट्स ह्या बँडचे स्टुडिओ अल्बम सहा: डायर स्ट्रेट्स १९७८, कम्युनिके १९७९, मेकिंग मूव्हीज १९८०, लव्ह ओव्हर गोल्ड १९८२, ब्रदर्स इन आर्म्स १९८५ आणि सहा वर्षांच्या गॅपनंतर ऑन एव्हरी स्ट्रीट १९९१. मग त्याचे स्वतःच्या नावावरचे दहा: गोल्डन हार्ट १९९६, सेलिंग टू फिलाडेल्फिया २०००, द रॅगपिकर्स ड्रीम २००२, शांग्री-ला २००४, किल टू गेट क्रिमझन २००७, गेट लकी २००९, प्रायव्हटियरिंग २०१२ (हा डबल हाय), ट्रॅकर २०१५, डाऊन द रोड व्हेअरएव्हर २०१८, वन डीप रिव्हर २०२४. सोळा झाले. सिनेमांचं संगीत, जोडीनं केलेले अल्बम, लाईव्ह हे सगळं वहीच्या मागच्या पानावर लिहा, त्याचं नंतर.

ऐकायचं ह्याच क्रमानं. लोक म्हणतात क्रमाला काय सोनं लागलंय, आवडेल तिथनं ऐका. सोनं लागलंयच. १९७८ च्या पहिल्या अल्बमातलं पहिलं गाणं बघा, डाऊन टू द वॉटरलाईन, ते न्यूकॅसलच्या टाईन नदीकाठचं हाय, रात्रीची वेळ, बंदर, पोरगं-पोरगी. आता यादीतला शेवटचा अल्बम घ्या, २०२४ चा, त्यातलं शेवटचं गाणं अल्बमच्याच नावाचं, आणि नदी तीच, टाईन. मधी ४६ वर्षं, अमेरिका झाली, स्टेडियम झाले, बँड मोडला, आणि गडी परत त्याच काठावर. सोळाच्या सोळा ओळीनं ऐकल्यावर ते शेवटचं गाणं लागतं तेव्हा काय होतं ते मी लिहीत बसत नाही. प्लेलिस्टमधनं हे मिळत नाही एवढंच.

एका अल्बमला एक महिना

म्हणजे सोळा महिने झाले पहिल्या फेरीला. घाई कुणाला हाय? महिनाभर त्या माणसाचं दुसरं काही लावायचं नाही, बाकी जगाचं काय पण ऐका, मिसळीच्या गाड्यावर जे वाजतंय ते वाजू दे.

फोनवर ऐकत असाल तर आधी सेटिंगमध्ये जा. शफल बंद, ऑटोप्ले बंद, क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळतं ते) शून्यावर, गॅपलेस (दोन गाण्यांच्या मधी तुटू न देणारं) चालू. आवाज एकसारखा करणारं जे बटण असतं, नॉर्मलायझेशनचं, ते पण बंद, कारण त्यात प्रत्येक गाणं एका पातळीवर आणायच्या नादात हळू गाण्याचं हळूपण आणि मोठ्या गाण्याचं मोठेपण दोन्ही जाऊ शकतं. लव्ह ओव्हर गोल्डमधलं प्रायव्हेट इन्व्हेस्टिगेशन्स लावून बघा. सुरुवातीला माणूस कानात बोलल्यासारखं पुटपुटतो, खाली नायलॉनच्या तारांची गिटार, मग मध्ये जवळजवळ काहीच वाजत नाही, नुसता बास ठोके टाकतोय, आणि मग एकदम धाडकन. त्यामुळं सुरुवातीला ऐकू येईना म्हणून आवाज वाढवून ठेवायचा नाही, आधी त्या धाडकन जागेला जाऊन आवाज सेट करायचा आणि मग पहिल्यापासनं लावायचं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

पहिला आठवडा नुसता वाजू द्या, रंकाळ्याला फेरी मारताना, गाडी धुताना, काही समजून घ्यायचं नाही. नंतर एक दिवस रात्री जेवण झाल्यावर बसून ऐका, फोन दुसऱ्या खोलीत. चाळीस मिनिटं ते तासाभराचं काम हाय हो, आयपीएलची एक इनिंग तर बघताच की. जुने अल्बम ऐकताना हे पण लक्षात ठेवा की ते दोन बाजूंचे होते. लव्ह ओव्हर गोल्डमध्ये गाणी फक्त पाच, त्यात पहिल्या बाजूला दोनच. दोन गाणी झाली की थांबा, उठा, पाणी प्या, मग पुढची तीन. तबकडी पलटायला माणूस उठायचा ती विश्रांती धरूनच क्रम लावलेला असायचा.

तिसऱ्या आठवड्यात एकच वाद्य पकडायचं. इथं लय मजा हाय. नॉफ्लर प्लेक्ट्रमनं, म्हणजे तार छेडायच्या पट्टीनं, वाजवत नाही, अंगठा आणि दोन बोटं, आणि मूळचा डावखुरा असून गिटार उजव्या हाताची धरतो. बोटानं तार ओढून सोडली की प्रत्येक सुराचा जोर वेगळा येतो, कुठं चापट, कुठं नुसता स्पर्श. हे एकदा कानाला लागलं की त्याची गिटार चहाच्या टपरीवर लांबच्या रेडिओवर लागली तरी ओळखू येते. मग गिटार सोडा आणि फक्त ड्रम ऐका. पहिल्या चार अल्बमवर पिक विदर्स हाय, हलक्या हाताचा, मागं राहून वाजवणारा, तो गेल्यावर ब्रदर्स इन आर्म्सवर बहुतेक ठिकाणी ओमर हकीम, आणि ऑन एव्हरी स्ट्रीटवर बऱ्याच गाण्यांत जेफ पोर्कारो. बास मात्र सहाही अल्बमला मुख्यतः जॉन इल्सली. माणसं बदलली की त्याच गड्याचं गाणं कसं दुसऱ्या चालीनं चालायला लागतं ते ऐकू येतं. आपल्याकडं देवल क्लबात बसणारी जुनी मंडळी तबल्याला आज कोण बसलाय हे आधी बघतात की नाही, तसलंच हाय हे.

शब्दांचा आठवडा

चौथा आठवडा शब्दांना. इंग्रजी किती येतं ह्यावर अडून बसू नका. माझी पद्धत सांगतो: गाण्याची गोष्ट दुसऱ्या माणसाला मराठीत दोन मिनिटांत सांगता आली पाहिजे. सांगता आली तर गाणं कळलं, नाही आली तर परत ऐका.

टेलिग्राफ रोड घ्या, १४ मिनिटांचं गाणं. उद्यमनगरात माझा एक मित्र लेथवर असतो, त्याच्या शॉपमध्ये पत्र्याच्या फळीवर एक जुना स्पीकर हाय, वरनं ऑइल आणि बुरा बसून काळा झालेला, त्यावर दिवसभर जे लागेल ते चालू असतं. एका दुपारी लाईट गेली. जॉब चकमध्ये तसाच अडकलेला, करायला काही नाही, मी म्हटलं एक गोष्ट सांगतो. एक माणूस पाठीवर सामान घेऊन रानातनं चालत येतो, दमतो, ओझं टाकतो, तिथंच खोपट बांधतो. मग बाकीचे येतात. मग चर्च, मग शाळा, मग वकील आणि कायदे, मग रेल्वे आणि ट्रक. गाव मोठं होतं, रस्ता मोठा होतो, आणि मग एक दिवस कामं बंद. रस्ता तेवढा राहतो, सहा पदरी, गाड्यांनी भरलेला, आणि त्याच्यावर नोकरी गेलेला माणूस.

तो म्हणाला, "आयला, हे तर आपल्या शिरोली एमआयडीसीचं गाणं झालं की."

लाईट आली. लेथ चालू करायच्या आधी त्यानं गाणं लावायला सांगितलं. सुरुवातीला लांब एक बारीक शिट्टीसारखा सूर येतो, मग पियानो, तोवर गडी हाताला लागलेलं ग्रीस चिंधीला पुसत होता. शेवटी शब्द संपतात आणि नुसती गिटार सुटते, मिनिटामागं मिनिटं, थांबायचं नावच घेत नाही, तेव्हा तो चिंधी हातात धरून तसाच उभा. चौदा मिनिटं संपल्यावर म्हणाला, "ह्यो रस्ता खराच हाय का?" खराच हाय, अमेरिकेत मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या पश्चिमेनं जातो, नाव पण तेच. टूरच्या बसमधनं जाताना नॉफ्लरला तो दिसला आणि तिथनं गाणं सुचलं. मोटारी बनवणारं शहर, फौंड्र्या, ऑर्डरी आटल्या की घरी बसवलेली माणसं. कास्टिंगवर जगणाऱ्या गावात हे समजावून सांगायला लागत नाही.

तर प्रत्येक अल्बममधनं असं एक गाणं काढा आणि कुणाला तरी सांगा. रॅगपिकर्स ड्रीममध्ये व्हाय आय मॅन हाय, इंग्लंडात काम नाही म्हणून जर्मनीला बांधकामाला गेलेल्या न्यूकॅसलकडच्या माणसांचं, हे आखातात जाऊन आलेल्या कुणालाही सांगून बघा. सेलिंग टू फिलाडेल्फियातलं अल्बमच्याच नावाचं गाणं मेसन आणि डिक्सन ह्या दोन मोजणीदारांचं, अमेरिकेतली ती प्रसिद्ध रेघ आखणारे, एकाचा भाग नॉफ्लर म्हणतो आणि दुसऱ्याचा जेम्स टेलर. शेताच्या बांधावरनं भावकीत भांडणं बघितलेल्यांना मोजणीदाराचं गाणं असू शकतं ह्याचंच आधी हसू येतं, मग ऐकतात.

कॅसेट, सीडी, तबकडी आणि आपला पावसाळा

फोनवर सगळं हाय हे कबूल. पण एखादा तरी अल्बम हातात धरायचा असा ठेवा. कारण कव्हरवर कोण काय वाजवतंय ते छापलेलं असतं, कुठं रेकॉर्ड झालं ते असतं, आणि आयुष्यभराचा नाद तिथनं पसरतो. ब्रदर्स इन आर्म्सच्या कव्हरवर ढगात जी चकचकीत धातूची गिटार दिसते ती १९३७ ची नॅशनल, नॉफ्लरची स्वतःची. रेकॉर्डिंग बरचसं माँटसेराट बेटावरच्या एअर स्टुडिओत झालं, आणि १९८९ च्या वादळात तो स्टुडिओ गेलाच. दहा लाख सीड्या खपलेला हा पहिला अल्बम. आणि ह्यात एक भानगड हाय जी माहीत पाहिजे: तबकडीवर जागा कमी म्हणून काही गाणी कापलेली होती. व्हाय वरी सीडीवर साडेआठ मिनिटांचं हाय, मूळच्या तबकडीवर ते साडेपाचच्या आत संपतं. म्हणून जुनी तबकडी मिळाली तर घ्या जरूर, पण पूर्ण अल्बम तोच असं समजू नका, सीडी पण ऐका.

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडं भिंती घाम गाळतात, चपलांना बुरशी येते, तिथं कॅसेटचं काय सांगायचं. कॅसेटच्या काचेतनं आत टेपच्या कडेला पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी, ती कॅसेट डेकमध्ये घालूच नका, हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटला पण तीच लागण. कॅसेट नेहमी एका बाजूला पूर्ण गुंडाळून ठेवायची, मधेच थांबवून नको. हवाबंद डब्यात ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या, बुटांच्या खोक्यात येतात त्या जपून ठेवल्या तरी चालतात, फक्त अधनंमधनं उन्हात नाहीतर गरम तव्याजवळ सुकवून घ्यायच्या. डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. स्पीकरवर कॅसेटची चळत लावायची सवय असेल तर मोडा, आत लोहचुंबक असतंय. हेड साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायची कापसाची काडी, सेंट नको, रॉकेल नको.

सीडी धरायची कडेला, पुसायची मधनं बाहेर सरळ, गोल गोल नाही. तबकड्या उभ्या ठेवायच्या, आडव्या चळतीनं वाकतात, आणि खिडकीजवळच्या कपाटात ठेवू नका. नदीकाठच्या पेठांत राहत असाल तर तळमजल्यावर तर काहीच नको. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेनं काय काय नेलं ते आपण बघितलंय, वस्तू चढवायच्या म्हटलं की गॅस, धान्य, कागदपत्रं आधी जातात, गाण्याची खोकी राहतात खाली. ती कायमची माळ्यावरच असू द्या.

डेकचा बेल्ट सैल झाला की गाणं दारू प्यायल्यासारखं चालतं. जुना बेल्ट काढून आतला घेर सुतानं मोजा आणि त्याहून थोडा कमी घ्या, कारण जुना ताणलेला असतो. जुने टेप-रेडिओ दुरुस्त करणारे काका गावात अजून आहेत, त्यांच्याकडं बेल्टचा अख्खा हार लटकलेला असतो. आणि एखादी पुली, बुश कुठंच मिळेना तर त्याचा नमुना घेऊन उद्यमनगर गाठायचं. लेथवाला आधी हसतो, मग चहा सांगतो, मग करून देतो.

न आवडलेल्या अल्बमचं काय करायचं

माझ्या मते खरा मुद्दा हाच हाय. पहिले पाच अल्बम कुणालाही आवडतात, त्यात भक्ती कसली. यादीत खाली गेलं की एक येतो जो बसत नाही. बऱ्याच जणांचं किल टू गेट क्रिमझनपाशी अडतं. मोठी गिटार नाही, स्टेडियम नाही, सगळं मंद, घरगुती. ट्रॅकरला पण काहीजण झोप येते म्हणतात.

असा अल्बम टाकायचा नाही आणि ओढूनताणून आवडून पण घ्यायचा नाही. महिना पूर्ण करा, वहीत नावापुढं एक फुली मारा, तारीख घाला आणि पुढं चला. दोन-तीन वर्षांनी परत त्याच फुलीला या. मधी तुमचं वय झालेलं असतं, घरात काही ना काही घडलेलं असतं. क्रिमझनमध्ये द स्कॅफोल्डर्स वाइफ नावाचं गाणं हाय, बांधकामाची परांची बांधणाऱ्या कंत्राटदाराच्या बायकोचं, नवऱ्याच्या धंद्याच्या हिशोबाच्या वह्यांत जिचं तारुण्य गेलं. विशीत हे गाणं कानावरनं जातं. पण आपल्याकडं वर्कशॉपच्या मागच्या खोलीत पंख्याखाली बसून बिलं लिहिणाऱ्या, जीएसटीची तारीख पाठ असलेल्या वहिनी ज्यानं बघितल्यात, त्याला चाळिशीत हे गाणं सोडत नाही. गाण्यात काही बदल झालेला नसतो हो.

गोल्डन हार्ट मात्र मला अजून लांबच वाटतो, अर्धा पाहिजे होता. फुली तशीच हाय. असू दे. सगळ्या फुल्या पुसल्याच पाहिजेत असा काही नियम नाही.

आणि "जुना नॉफ्लर राहिला नाही" म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका, वेळ जातो. २००३ ला लंडनमध्ये मोटरसायकलवरनं पडला, गळ्याजवळचं हाड आणि बरगड्या मोडल्या, काही महिने गिटार धरता आली नाही, आणि पुढच्या वर्षी शांग्री-ला आला. आवाज खाली उतरत गेलाय, गिटार कमी बोलायला लागलीय, बासरी आणि फिडल (व्हायोलिन) शिरलीय, जॉन मॅककस्कर आणि मायकल मॅकगोल्ड्रिक ह्या वादकांमुळं. त्याला म्हातारा झाला म्हणा, पण म्हातारा माणूस तरण्यासारखं ओरडत नाही ह्यात तक्रार कसली.

मागचं पान

सोळा झाले की मागच्या पानावर या. इथं क्रम नाही, इथं हुंदडायचं. लोकल हीरो ह्या सिनेमाचं संगीत १९८३ चं, समुद्रकाठचं गाव, पावसात गगनबावड्याकडं जाताना गाडीत लावा, मालवाहू ट्रकच्या मागं अडकलात तरी चिडचिड होत नाही. गिटारवाला चेट अॅटकिन्सबरोबर नेक अँड नेक १९९० चा, बोटांनी वाजवणारे दोघं समोरासमोर, हसत खेळत. गायिका एमिलू हॅरिसबरोबर ऑल द रोडरनिंग २००६ चा, हा घरच्यांना लावायला सगळ्यात बरा, कुणी बंद कर म्हणत नाही. बॉब डिलनच्या इन्फिडेल्स अल्बमचा तो सहनिर्माता होता, त्याच्या आधी स्लो ट्रेन कमिंगवर गिटार वाजवलेली, ते पण कान टवकारून ऐका. आणि टीना टर्नरचं प्रायव्हेट डान्सर ह्यानंच लिहिलेलं, लव्ह ओव्हर गोल्डच्या वेळचं, बाईच्या तोंडी शोभेल म्हणून ठेवून दिलं आणि तिला दिलं.

लाईव्हमध्ये एकच सांगतो, अल्केमी. लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनला १९८३ च्या जुलैत रेकॉर्ड केलेला, १९८४ ला आला. त्यातलं सुलतान्स ऐकल्यावर स्टुडिओतलं बुटकं वाटतं. प्रत्यक्ष कार्यक्रमाची आशा फार ठेवू नका, २००५ ला मुंबई आणि बंगळुरूला येऊन गेला, तेव्हा ज्यांनी महालक्ष्मी एक्सप्रेसची तिकिटं काढली ते काढली. २०१९ नंतर त्यानं टूर केलेली नाही.

पैसा आणि घर

बॉक्स सेट, रंगीत तबकडी, जपानी आवृत्ती, ह्याच्या मागं लागलात की ऐकणं बाजूला राहतं आणि कुरियरची वाट बघणं चालू होतं. माझा नियम साधा हाय: जे घरात आहे ते महिनाभर ऐकल्याशिवाय नवीन काही मागवायचं नाही. खुद्द नॉफ्लरनं २०२४ च्या जानेवारीत लंडनला क्रिस्टीजमध्ये आपल्या शंभराच्या वर गिटारी लिलावात काढल्या, ८० लाख पाउंडांच्या वर पैसे आले, त्यातला चौथा हिस्सा धर्मादायला दिला. त्याला सोडवतं तर आपल्याला एक खोकं माळ्यावर टाकायला काय होतंय.

घरी हेडफोन लावून कोपऱ्यात बसलात की भांडण ठरलेलं. त्यापेक्षा रविवारी सकाळी मटण शिजायला घातलं की स्पीकरवर एक बाजू लावायची, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आणि कांदा चिरून द्यायचा. पोरांना "हे बघ खरं संगीत" असलं काही म्हणू नका, त्यांनी लावलेलं पण ऐकून घ्या, नाहीतर तुम्ही नसताना सगळ्या सीड्या रद्दीवाल्याकडं जाणार हे पक्कं. आईला ब्रदर्स इन आर्म्सचं शेवटचं गाणं आवडू शकतं, फॉकलंडच्या लढाईच्या वेळचं हाय, मरणारा सैनिक आणि त्याचे सोबती. इथं जवळजवळ प्रत्येक गावात फौजेतलं एखादं घर असतंच, अर्थ सांगितला की गप्प ऐकतात.

सोबतीला एक माणूस मात्र शोधा. ग्रुप नको, ग्रुपमध्ये शेवटी गुड मॉर्निंगची फुलंच येतात. एकच माणूस, त्याचा माणूस वेगळा असला तरी चालेल, तुम्ही त्याचा एक अल्बम ऐका, तो तुमचा एक. महिन्यातनं एकदा भेळ खात त्यावर बोला. वाद झाला तर उत्तम.

नवीन अल्बम आला तर

गडी पंचाहत्तरीच्या पुढं गेलाय, पण येईल की अजून एखादा. आला तर त्या दिवशी रिव्ह्यू वाचायचे नाहीत, तारे बघायचे नाहीत, जुन्या अल्बमशी तुलना पहिल्या आठवड्यात बंद. सुटं गाणं आधी बाहेर सोडतात ते ऐकायचा मोह होतो, जमलं तर टाळा, नाही जमलं तर काही पाप नाही. वहीत सतरावा नंबर घाला, वर्ष लिहा, महिना धरा आणि पहिल्या गाण्यापासनं लावा. फुली मारायची का नाही ते महिना संपल्यावर.